अकरा पोरींचे कागद

प्रभाकाकूंबद्दल लिहायचं मनात आलं तेव्हा आधी त्यांना विचारलं. त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिह. पन कमी करून लिहू नको." म्हणून जसं घडलं तसं लिहिते. काही मी डोळ्यांनी पाहिलं, काही काकूंनी स्वतः सांगितलं. त्या अकरा पोरींमधली एक मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

आमचं गाव बाभुळगावपासून सात किलोमीटरवर. एसटी फाट्यावर सोडते, पुढे पायी यायचं. गावाच्या उगवतीकडे आमची वस्ती, चाळीस-पंचेचाळीस घरं, मधोमध विहार. विहाराला लागून जे निळ्या दाराचं घर आहे ते प्रभावती मनवर यांचं. नवरा बळीराम गवंडीकाम करतो, महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असतो. मुलगा एकच, संघदीप.

काकूंचं माहेर आर्णीकडचं. त्या काळात त्या बारावी पास झाल्या आणि यवतमाळला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला गेल्या. भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळायची त्यांना. ती गोष्ट त्या आम्हाला पुष्कळदा सांगायच्या. "माह्या बापाच्या नावानं काहीच नव्हतं कुठं. ना शेत, ना घर. अन् माह्या नावानं पासबुक निंघालं. बापानं ते दिवसभर खिशात ठेवलं, सगळ्या गावाले दाखवलं." दुसऱ्या वर्षी लग्न झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं. पण वाचायची, लिहायची, कचेरीत बोलायची जी सवय लागली ती सुटली नाही.

वस्तीत कोणाचाही कागद आला की तो निळ्या दाराकडे जायचा. निराधार योजनेचा अर्ज, घरकुलाची यादी, रेशनकार्डात सुनेचं नाव, जातीचा दाखला. काकू चष्मा लावायच्या, कागद दोनदा वाचायच्या आणि मग सांगायच्या, "इथं अंगठा नको लावू, सही कर. येते ना तुले सही?" कोणाकडून एक रुपया घेतला नाही. बचत गटाच्या अध्यक्षही त्याच. आधारचं शिबिर आलं तेव्हा ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांच्या नावापुढे काकूंनी स्वतःचा नंबर दिला. तो नंबर वस्तीत लहान पोरांनाही पाठ होता. दवाखान्यात, शाळेत, बँकेत, कोणी नंबर विचारला की आम्ही तोच सांगायचो.

आम्ही बारावी झालो ते कोरोनाचं साल. त्या वर्षीच्या आणि आधीच्या एक-दोन वर्षांच्या मिळून वस्तीत अकरा पोरी घरी बसल्या होत्या. कोणी कापूस वेचायला जायची, कोणाचं लग्न पाहणं चाललं होतं. दिवाळीनंतर एक पांढरी गाडी विहारासमोर थांबली. आतून उतरलेल्या माणसाला सगळे सर म्हणायला लागले, तेव्हा मीही सरच म्हणते. नाव लिहीत नाही, केस अजून चालू आहे.

सर गोड बोलायचे. बुद्धवंदना झाल्याशिवाय बोलायला उभे राहिले नाहीत. म्हणाले, "यवतमाळला आपली संस्था आहे. दोन वर्षांचा कॉम्प्युटर डिप्लोमा. फी सरकार भरते, वरून पोरीला खर्चाला पैसे देते. हक्काचे पैसे दरवर्षी परत जातात, कारण आपल्या लोकांना माहीतच नसतं. मला फक्त कागद पाहिजेत. ओरिजिनल."

काकूंना ते पटलं. पटणारच. त्यांचं स्वतःचं पासबुक अशाच पैशातून निघालं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघरी फिरल्या. आमच्या घरी आल्या तेव्हा माझे कागद आईनं तांदळाच्या डब्यातून काढून दिले. प्रियंकाच्या घरी मात्र तिची आई तानाबाई अडून बसली. प्रियंका म्हणजे माझी बालमैत्रीण, दहावीपासून तिचं एकच होतं, नर्स व्हायचं.

"ओरिजिनल कागद कोणाले देऊ नये म्हंतात," तानाबाई म्हणाली.

"माह्यावर भरोसा हाये का नाही?"

"तुह्यावर हाये वो."

"मंग दे."

तानाबाईनं दिले.

एक दिवस आम्हा सगळ्यांना त्या पांढऱ्या गाडीतून, दोन फेऱ्यांत, यवतमाळला नेलं. बँकेत खाती उघडली, सह्या केल्या. पासबुक आणि एटीएम कार्डं सरांनी गोळा केली. "पोरींकडून हरवतात," म्हणाले. प्रत्येकीला एक पाठीवरची बॅग दिली आणि पाकिटात बाराशे रुपये. मी त्या पैशांचा ड्रेस घेतला. हे सांगायला आजही जड जातं. वर्ग कधी सुरू होणार, हे मी विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. सर म्हणाले होते की कोरोना आहे, वर्ग ऑनलाइन होतील, लिंक येईल. लिंक आली नाही. दोन महिन्यांनी आम्ही कापसात होतो आणि डिप्लोमा विसरलो होतो.

अकरापैकी सात जणींच्या आधारला काकूंचा नंबर होता. त्या दिवसांत त्यांना सरांचे फोन यायचे. "ताई, एक सहा आकडी नंबर आला असेल, सांगा बरं." काकू तुरी वाळवत असोत की भाकरी थापत असोत, हात पुसून फोन हातात घ्यायच्या आणि एकेक आकडा सावकाश वाचायच्या. चुकू नये म्हणून दोनदा वाचायच्या.

इथपर्यंत त्यांची चूक नव्हती, असं मी एकदा त्यांना म्हणाले. त्यांनी हात केला, थांब म्हणून. "पुढचं आयक."

जानेवारीत सरांनी संघदीपला संस्थेत ऑपरेटर म्हणून लावून घेतलं. महिना सहा हजार. संघदीप बी.कॉम. होऊन दोन वर्षं रिकामा होता, बापासोबत विटा वाहत होता. काकूंनी त्या दिवशी वस्तीत पेढे वाटले. महिनाभरानं तो सुट्टीला घरी आला, जेवायला बसला आणि ताटावरच म्हणाला, "आई, तिथं एकही पोरगी येत नाही."

"कोरोना हाये ना."

"कोरोना नाही. वर्गच नाहीत. दोन खोल्या हायेत, एकीत खुर्च्या रचून ठेवल्या. मी दिवसभर हजेऱ्या भरून राह्यलो. आपल्या वस्तीतल्या पोरींच्याबी."

काकूंनी त्याच्या ताटात भाकरी वाढली. संघदीपनं पुन्हा विचारलं, "त्यायचे पैसे कोण उचलते, तुले माहीत हाये का?"

"गप राय," काकू म्हणाल्या. "भाजी घे."

हे वाक्य मला सांगताना काकूंनी डोळे मिटले होते. "गप राय म्हनली मी त्याले. माह्या तोंडातून पहिल्यांदा तेच निंघालं. त्यानंतर दीड वर्ष मी सरले आकडे सांगत राह्यली, रुपाली. समजून-उमजून. दर वेळी वाटे, आता नाही म्हनावं. मंग वाटे, पोराची नोकरी जाईन."

नोकरी तशीही गेली. दीड वर्षानं संघदीपचं आणि सरांचं कशावरून तरी वाजलं, आणि तो पुण्याला एका गोदामात कामाला लागला. पांढरी गाडी वस्तीत यायची बंद झाली. काकूंना वाटलं, संपलं. पोरींचं काही गेलं नाही, सरकारचं गेलं. आणि पोरींना कळलंच नाही तर त्यांना दुःख कसलं. अशी समजूत त्यांनी स्वतःची घातली होती.

प्रियंकानं या मधल्या काळात नर्सिंगचा नाद सोडला नव्हता. बाभुळगावला एका औषधाच्या दुकानात ती कामाला जायची. २०२३ साली तिनं एकटीनं, मोबाईलवर, जुन्या झेरॉक्सचे फोटो जोडून, नर्सिंगच्या जीएनएम कोर्सचा अर्ज भरला. यादीत नाव लागलं. यवतमाळचं कॉलेज, तीन वर्षं. तानाबाईनं विहारात खीर वाटली. फी शिष्यवृत्तीतून होणार होती, नाहीतर त्या घराच्या आवाक्यातली गोष्टच नव्हती. बाप अर्धांगानं अंथरुणाला खिळलेला, आई रोजमजुरीची.

बाभुळगावच्या ऑनलाइन सेंटरवर ती शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर खातं काढायला गेली. सेंटरवाल्यानं आधार नंबर टाकला आणि म्हणाला, "तुझं खातं आहे ना आधीच. नवं निघत नाही."

"माह्यं नाही हो."

"आहे. जा, यवतमाळला समाजकल्याणमध्ये विचार."

प्रियंका तिथून थेट निळ्या दारात आली. मी तिच्यासोबत होते. काकू मशीनवर कोणाचं तरी झंपर शिवत होत्या. प्रियंकानं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "काकू, तुमी चला ना संग. मले तिथं बोलता येनार नाही."

मशीन थांबली. काकूंनी सुई वर घेतली, कापड काढलं, घडी केली. मला तेव्हा वाटलं, त्या विचार करत आहेत. त्या वेळी सांगून टाकता आलं असतं, असं त्या नंतर म्हणाल्या. दोघीच पोरी होतो, घर रिकामं होतं. पण त्या म्हणाल्या, "चाल. उद्या नऊची गाडी."

मीही गेले. त्या दिवशी कचेरीत गर्दी होती. खिडकीपाशी बसलेला कारकून तरुण होता, नीट बोलणारा. त्यानं प्रियंकाचा नंबर टाकला, पडदा वाचला आणि खुर्ची थोडी आमच्याकडे वळवली.

"तुम्ही २०२०-२१ आणि २१-२२, दोन वर्षं डिप्लोमाला होता. दोन्ही वर्षांची फी आणि भत्ता मंजूर होऊन खात्यात गेला आहे."

"मी गेलीच नाही कुठं," प्रियंका म्हणाली. "सर, मी तं औषधाच्या दुकानात कामाले होती."

"खातं तुमचंच आहे. बँक खातंही तुमच्या नावाचं. आता त्याच पातळीचा दुसरा कोर्स दाखवला तर अर्ज पुढे जाणार नाही."

प्रियंका खिडकीच्या आणखी जवळ सरकली. मग तिनं विचारलं, "मले पैसे भेटले नाही तं मी घेतले कसे?"

कारकुनानं मान हलवली. अशी प्रकरणं त्यानं पाहिली असावीत. म्हणाला, "तसं असेल तर लेखी तक्रार द्या. पण नुसतं 'मी नव्हते' म्हणून भागत नाही. कागद कोणी नेले, ओटीपी कोणी सांगितला, ते यायला पाहिजे. ओटीपी ज्या मोबाईलवर गेले तो नंबर इथे आहे." आणि त्यानं शेवटचे चार आकडे वाचले. "हा कोणाचा?"

मी खाली पाहिलं. मला तो नंबर पाठ होता. प्रियंकाला माझ्याहून जास्त पाठ होता. बापाला झटका आला तेव्हा शेजाऱ्याच्या फोनवरून तिनं तोच लावला होता.

प्रियंकानं काकूंकडे पाहिलं. कारकुनानंही पाहिलं. "ताई, तुम्हाला माहीत आहे का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "माहीत नाही."

प्रियंकानं काकूंवरची नजर काढली. तिनं कागद गोळा केले, पिशवीत ठेवले आणि कारकुनाला म्हणाली, "बरं सर. येते."

परतीच्या गाडीत तिघींना एकाच बाकावर जागा मिळाली. प्रियंका खिडकीशी, मी मध्ये, काकू कडेला. वाटेत काकूंनी तिकिटं काढायला पैसे पुढे केले, तर प्रियंकानं आपलं तिकीट आपण काढलं. त्याशिवाय काही झालं नाही. फाट्यावर उतरल्यावर ती झपझप पुढे निघाली. मी दोघींच्या मधे, कोणासोबत चालावं ते कळेना. शेवटी मी प्रियंकाला गाठलं. मागे वळून पाहिलं तर काकू रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, चालत नव्हत्या.

"घरी सांगशीन का?" मी विचारलं.

"कसं सांगू?" प्रियंका म्हणाली. "माय म्हनन, प्रभावती असं करूच शकत नाही. मलेच खोटी पाडन."

तिनं खरंच सांगितलं नाही. आईला एवढंच म्हणाली की शिष्यवृत्तीत अडचण आहे. प्रवेशाची शेवटची तारीख बारा दिवसांवर होती. प्रियंका दुकानात जात राहिली. सोयाबीन काढायला आलं होतं, सुट्टीच्या दिवशी ती आईसोबत शेतात गेली. आणि मी, जिला कचेरीतलं सगळं माहीत होतं, मीही गप्प राहिले. माझ्याही नावानं तिकडे दोन वर्षं हजेऱ्या लागल्या होत्या. बाराशे रुपये मीही घेतले होते. कोणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

काकूंनी चार दिवस दार उघडलं नाही. तब्येत बरी नाही असा निरोप बळीरामकाका देत होते. गटाची बैठक रद्द झाली. कोणीतरी निराधारचा कागद घेऊन आलं, ते दारातून परत गेलं.

पाचव्या दिवशी दुपारी त्या आमच्या घरी आल्या. हातात कोरे फुलस्केप आणि पेन. आई शेतात गेली होती. काकू खाली बसल्या, कागद माझ्यापुढे ठेवले.

"लिह."

"काय लिहू?"

"जबाब. माह्या नावानं. मी सांगते तसा."

"तुमी सोता काहून नाही लिहत? तुमचं अक्षर तं चांगलं हाये."

"माह्या हातानं लिहलं तं मी सोपं करून लिहीन," काकू म्हणाल्या. "तू लिह. अन् मी कुठं अडली तं मले विचार, पुढं काय झालं म्हनून."

सव्वादोन तास त्या बोलत होत्या. पांढऱ्या गाडीपासून ओटीपीपर्यंत. संघदीपच्या ताटावरच्या बोलण्यापाशी त्या अडल्या. मी विचारलं, पुढं काय झालं? तेव्हा त्यांनी ते 'गप राय' सांगितलं. मी पेन थांबवलं. "हे नको लिहायले काकू. यानं संघदीपदादा अडकन."

"लिह."

"त्याले विचारलं का?"

त्यांनी विचारलं नव्हतं. माझ्यासमोरच फोन लावला. संघदीपचा आवाज मला ऐकू येत होता, मागे गोदामात गाड्यांचा गोंगाट. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तो ओरडला, "आई, तू मले जेलात टाकशीन! मी नोकर होतो. सांगतलं ते भरलं."

"तसंच लिहते. सांगतलं ते भरलं म्हनून."

"अन् तू? तुले काय करतीन ते?"

"करतीन ते करतीन."

"तेव्हा मी बोललो तं गप राय म्हने," संघदीप म्हणाला, आणि फोन बंद झाला. काकूंनी फोन पदराआड ठेवला आणि म्हणाल्या, "हे बी लिह. त्यानं सांगतलं होतं, मी आयकलं नाही."

मी लिहिलं. शेवटी त्यांनी सही केली. पूर्ण नाव, बारावीच्या गुणपत्रिकेवर असतं तसं, आडनाव आधी.

पण त्या तिथून थेट यवतमाळला गेल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी इथल्यायले सांगायले पायजे. कचेरीत सांगनं सोपं हाये, तिथं मले कोनी वळखत नाही."

रविवारी वंदना झाली. लोक उठायच्या आत काकू पुढे जाऊन उभ्या राहिल्या. भाषण करायची त्यांना सवय होती, चौदा एप्रिलला त्याच बोलायच्या. त्या दिवशी मात्र भाषण नव्हतं. त्यांनी कागद काढला आणि नुसता वाचला. मी लिहिलेला. मान खाली घालून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अकरा पोरींची नावं आली तेव्हा एकेक आई मान वर करत होती. माझी आईसुद्धा. तिनं माझ्याकडे पाहिलं, तर मी सतरंजीचा दोरा ओढत बसले.

वाचून झालं. मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे पैसे कोनी खाल्ले?" त्याला नीट कळलं नव्हतं. त्याच्या मुलानं त्याला हळूच समजावलं.

मग तानाबाई उठली. ती तशी कोणाशी भांडणारी बाई नाही. काकूंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मी देत नव्हती तुले कागद," ती म्हणाली.

"हो."

"आमी अडानी म्हनून तुले वाचायले देलं वो. आमाले वाचता आलं असतं तं आमी तुह्याकडं आलो असतो का?"

तानाबाई प्रियंकाचा हात धरून निघून गेली. मागोमाग सगळे गेले. विहारात काकू आणि मी राहिलो. काकूंनी सतरंजी झटकली, घडी केली, कपाटात ठेवली. दर रविवारी करायच्या तसं. आणि मग भिंतीला हात लावून खाली बसल्या.

सोमवारी त्या यवतमाळला गेल्या. त्या तरुण कारकुनानं त्यांना ओळखलं. त्यानं जबाब वाचला, पुन्हा वाचला, म्हणाला, "ताई, हा दिला तर तुमचंही नाव आरोपींत येऊ शकतं. माहीत आहे ना?" काकू म्हणाल्या, "त्या दिवशी तुमी इचारलं तेव्हा मी खोटं बोलली. तो नंबर माहा हाये." त्यानं अर्जावर शिक्का मारला आणि पोच दिली. पोलिसांत तक्रार झाली. चौकशीत कळलं की आमच्या वस्तीच्या अकरा पोरी म्हणजे काहीच नाही. आजूबाजूच्या कितीतरी गावांतून असेच कागद गेले होते. संस्थेला कुलूप लागलं. सर पकडले गेले, जामिनावर सुटले. आमचे ओरिजिनल दाखले पंचनाम्यात एका पोत्यात सापडले, ते सोडवायला पुन्हा अर्ज करावे लागले.

प्रियंकाचा त्या वर्षीचा प्रवेश गेला. बारा दिवस कधीच सरले होते. तिच्या नावावरचा डाग निघायला दहा महिने लागले. त्यात तिनं कचेरीत किती चकरा मारल्या ते मला माहीत आहे, कारण निम्म्या चकरांना मी तिच्या सोबत होते. काकू येत नसत. एकदा त्यांनी माझ्या हाती गाडीभाड्याचे पैसे देऊन पाहिले. प्रियंकानं ते मोजले नाहीत की परत पाठवले नाहीत, नुसते माझ्या हातातच राहू दिले. मी ते काकूंना परत नेऊन दिले. काय सांगावं ते सुचेना, म्हणून खोटं बोलले, की गरज पडली नाही.

संघदीप चार महिन्यांनी आला. यवतमाळच्या ठाण्यात गेला, स्वतःहून जबाब दिला. मोबाईलमध्ये त्यानं हजेरीवह्यांचे फोटो काढून ठेवले होते, ते दिले. आणि गावाकडे न येता तसाच रात्रीच्या गाडीनं पुण्याला परत गेला. तो ठाण्यात आलाय हे काकूंना पोलिसांकडूनच कळलं. त्या दिवशी त्यांनी त्याच्यासाठी स्वयंपाक करून ठेवला होता की काय, मला माहीत नाही. बळीरामकाका एवढंच म्हणाले की ती दिवसभर फाट्याकडे पाहत होती.

बचत गटानं दुसरी अध्यक्ष निवडली. काकूंनीच वही आणि शिक्का नेऊन दिला. सुरुवातीला वर्षभर कोणी कागद घेऊन आलं नाही. पण वस्तीत वाचणारं दुसरं कोण? आम्ही पोरी लग्न होऊन, कामाला लागून पांगलो. आता हळूहळू येतात लोक. फरक एवढाच, की पूर्वी कागद देऊन निघून जायचे, आता वाचून होईपर्यंत समोर बसतात. काकू मोठ्यानं वाचतात, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून. झालं की झेरॉक्स त्यांच्या हातात देतात. "ओरिजिनल तुह्याजोळ ठेव. मले बी देऊ नको." काही जण अवघडतात. काकू अवघडत नाहीत, किंवा तसं दाखवत नाहीत.

माझंही नाव त्या यादीतून निघालं. मी यंदा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, शिष्यवृत्ती मिळते. पहिला हप्ता आला तेव्हा मी त्याला हात लावायला चार दिवस घाबरत होते.

प्रियंकाला पुढच्या वर्षी पुन्हा यादीत जागा मिळाली. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी कॉलेजात तिसरी आली. सुट्टीला येते तेव्हा वस्तीतून जाताना विहाराच्या मागच्या बाजूनं जाते. निळं दार टाळायला तेवढाच रस्ता आहे.

काकूंना वर्षातून दोन-तीनदा यवतमाळला तारखेला जावं लागतं. साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून, हे अजून ठरलेलं नाही. जाताना डबा नेतात, एकट्याच जातात. परवा मी सुट्टीला आले आणि हे लिहायचं म्हणून त्यांच्याकडे गेले, तेव्हा तांदूळ निवडून झाल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"प्रियंका भेटली का?"

"भेटली."

"कशी हाये?"

"बरी हाये काकू. वाळली थोडी. ड्युट्या लागल्या आता त्यायच्या."

काकूंनी पदरावरचा कोंडा झटकला. "माह्याबद्दल काही म्हने का?"

मी खोटं बोलू शकले असते. यापूर्वी एकदा बोललेही होते.

"नाही काकू. काही नाही म्हनत."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि उठून चहाचं आधण ठेवलं.